जामीन मंजूर झाला, पण माणूस सुटला का? जिल्ह्यातल्या जामीन-सुधारणेचा परिणाम मोजण्याची पद्धत

जामीन अर्जावर ‘मंजूर’ असा आदेश झाला की न्यायालयाच्या आकडेवारीत तो अर्ज निकाली निघतो. कारागृहाच्या गिनतीत मात्र तोच माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजला जातो. जामीनदार मिळालेला नसतो, सातबारावर बँकेचा बोजा निघतो, आदेश सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी झालेला असतो, नाहीतर दुसऱ्या एखाद्या गुन्ह्यात त्याची कोठडी चालूच असते. म्हणून जामिनाविषयीच्या कुठल्याही सुधारणेचं यश मंजूर अर्जांच्या संख्येवरून ठरवू नये. माणूस किती दिवस आत राहिला आणि त्यातले किती दिवस टाळता आले असते, हे मोजावं. पुढची सगळी पद्धत त्यासाठीच आहे.

मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाचे स्वयंसेवक, लोकअभिरक्षक कार्यालयातले (गरीब आरोपींची बाजू मोफत लढवणारे) वकील, विधी महाविद्यालयांचे विद्यार्थी आणि जिल्हा पातळीवरचे पत्रकार यांना हे काम करता येतं. एक संगणक, स्प्रेडशीट आणि सहा महिन्यांची चिकाटी एवढं भांडवल पुरतं.

आधी बदल कागदावर मांडा

‘आमच्या जिल्ह्यात जामिनाचं काम सुधारलं’ हे वाक्य मोजता येत नाही. नेमकं काय बदललं ते एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ: किरकोळ गुन्ह्यांत आधी जातमुचलक्यावर (जामीनदाराविना, स्वतःच्या हमीवर) सोडायचं आणि गरज वाटली तरच जामीनदार मागायचा. किंवा: जिल्ह्याबाहेरचा जामीनदार नाकारायचा नाही. किंवा: न्यायाधीन बंदी (खटल्याचा निकाल न लागलेले कैदी) पुनर्विलोकन समितीची बैठक तीन महिन्यांऐवजी दर महिन्याला घ्यायची. किंवा: लोकअभिरक्षक कार्यालयाच्या वकिलाने आठवड्यातून एकदा कारागृहात जाऊन जामीन मिळूनही अडकलेल्यांची यादी करायची. या चारही सुधारणा वेगळ्या आहेत आणि त्यांचा परिणाम वेगवेगळ्या टप्प्यावर दिसतो. पहिल्या दोन आदेशापासून सुटकेपर्यंतचे दिवस कमी करतात. तिसरी मुख्यतः लांब मुदतीच्या बंद्यांना उपयोगी पडते. चौथीने दोन्हीकडे फरक पडू शकतो.

मग तारीख ठरवा. परिपत्रकावरची तारीख आणि अंमल सुरू झाल्याची तारीख सहसा एक नसते. जिल्हा मुख्यालयात बदल लगेच रुजतो, पण तालुक्याच्या न्यायालयांत तो दोन-तीन महिन्यांनी पोहोचतो. प्रत्येक न्यायालयासाठी वेगळी सुरुवात-तारीख लिहा. नाहीतर बदल न झालेले महिनेही ‘नंतर’च्या खात्यात जातात आणि परिणाम आहे त्यापेक्षा कमी दिसतो.

देशपातळीवर काय घडलं तेही त्याच पानावर नोंदवा, कारण त्याचं श्रेय चुकून स्थानिक बदलाला मिळतं. २३ मार्च २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यांच्या उच्चाधिकार समित्यांनी कोविडमुळे बंद्यांना तात्पुरत्या जामिनावर सोडलं. म्हणून २०२० आणि २०२१ ही वर्षं ‘आधी’चा काळ म्हणून धरू नका. ११ जुलै २०२२ च्या सत्येंदर कुमार अंतिल प्रकरणातल्या निकालाने जामीन अर्ज दोन आठवड्यांत निकाली काढण्याचं बंधन घातलं. सर्वोच्च न्यायालयाच्याच ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांनुसार जामिनाचा आदेश त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृहाला जायला हवा. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं आणि महिनाभरात जामीनपत्र सादर झालं नाही तर न्यायालयाने स्वतःहून अटींचा फेरविचार करता येतो का ते पाहायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिचं कलम ४७९ (कमाल शिक्षेचा ठरावीक हिस्सा कोठडीत काढलेल्याला सोडण्याची तरतूद) जुन्या गुन्ह्यांतल्या बंद्यांनाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑगस्ट २०२४ रोजी स्पष्ट केलं. तुमच्या जिल्ह्यातला बदल २०२४ च्या उत्तरार्धात झाला असेल तर केवळ आधी-नंतरची तुलना तुम्हाला काहीच सांगणार नाही. शेजारचा जिल्हा सोबत घ्यावाच लागेल.

ऋतूचा हिशोब

मराठवाड्यात ही गोष्ट विसरून चालत नाही. बीड, धाराशिव, जालना, परभणी भागातली हजारो कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. या काळात गावात जामीन राहणारा माणूस सापडत नाही. भाऊ उसाच्या फडावर असतो आणि मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) अंगावर असल्याने तो मध्येच काम सोडून येऊ शकत नाही. त्यात मे महिन्यातली न्यायालयाची उन्हाळी सुट्टी आणि दिवाळीची सुट्टी. म्हणून जानेवारी-मार्चची तुलना जुलै-सप्टेंबरशी करू नका. यंदाच्या जानेवारी-मार्चची गाठ मागच्या जानेवारी-मार्चशीच घाला. आधीचे बारा महिने आणि नंतरचे बारा महिने हा सगळ्यात सुरक्षित कालावधी आहे.

प्रत्येक माणसाच्या सहा तारखा

एका ओळीत एक बंदी. स्तंभ कितीही वाढवता येतील, पण या सहा तारखा नसतील तर बाकीचं व्यर्थ आहे:

१. अटकेची तारीख
२. पहिल्या रिमांडची (न्यायालयाने कोठडीत पाठवल्याची) तारीख
३. जामीन अर्ज दाखल झाल्याची तारीख
४. जामीन मंजूर झाल्याची तारीख
५. जामीनदार किंवा जातमुचलका न्यायालयाने स्वीकारल्याची तारीख
६. कारागृहाच्या दरवाज्यातून बाहेर पडल्याची तारीख

१ ते ३ मधलं अंतर लांब असेल तर वकील मिळण्यात उशीर झाला. अटकेत असलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळण्याचा हक्क विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ ने दिला आहे. त्यामुळे हे अंतर म्हणजे त्या हक्काच्या अंमलबजावणीचंच माप आहे. ३ ते ४ मध्ये सरकारी वकिलांचा ‘से’ (लेखी उत्तर) यायला लागणारा वेळ, तपास अधिकाऱ्याचं म्हणणं आणि पुढे ढकललेल्या तारखा असतात. ४ ते ५ हा जामीनदाराचा टप्पा. ५ ते ६ मध्ये सुटकेच्या आदेशाचा प्रवास येतो. स्थानिक सुधारणा बहुधा शेवटच्या दोन टप्प्यांवर काम करते, पण अहवालात जर अटक ते सुटका असा एकच आकडा दिला तर ती सुधारणा त्यात बुडून जाते.

पहिल्या दोन तारखा वेगळ्या ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. दोषारोपपत्र मुदतीत आलं नाही म्हणून मिळणाऱ्या जामिनाचे ६० किंवा ९० दिवस पहिल्या रिमांडपासून मोजले जातात आणि तो रिमांडचा दिवसही धरला जातो. कलम ४७९ साठी मात्र प्रत्यक्ष कोठडीत काढलेला सगळा काळ लागतो. एकाच तारखेवर दोन्ही हिशोब केले तर एक तरी चुकतोच.

तारखांशिवाय हे स्तंभ ठेवा: गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) आणि पोलीस ठाणे, सगळ्यांत गंभीर कलम आणि त्याची कमाल शिक्षा, न्यायालय, जामिनाची रक्कम, जामीनदार किती आणि स्थानिक हवा अशी अट होती का, पोलीस ठाण्यातल्या हजेरीची अट, वकील खासगी की विधी सेवेचा, आणि दुसऱ्या गुन्ह्यात पाहिजे होता का.

माहिती कुठून मिळते

जामिनाचे आदेश ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सीएनआर क्रमांकाने (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र क्रमांक) शोधता येतात. हा क्रमांक सोळा अक्षर-अंकांचा असतो आणि सुरुवातीलाच राज्य व जिल्हा सांगतो. आदेशाची प्रत उघडून अटी वाचाव्याच लागतात. ‘निकाली: मंजूर’ एवढ्या शेऱ्यावरून रक्कम किंवा जामीनदाराची अट कळत नाही.

सुटकेची तारीख मात्र कारागृहाच्या नोंदीतच असते. ई-प्रिझन्स या कारागृहांच्या संगणकीय प्रणालीत जामीन मंजुरीची आणि सुटकेची तारीख भरली जाते. ती मिळवण्याचा सरळ मार्ग म्हणजे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांमार्फत मागणी. पुनर्विलोकन समितीत प्रमुख जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, कारागृह अधीक्षक आणि प्राधिकरणाचे सचिव असे सगळे असतात. तिच्या बैठकीत एकदा विषय मान्य झाला की कामाला गती येते.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज करायचा असेल तर महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे तो एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, सोबत १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. उत्तराची मुदत ३० दिवस. प्रथम अपिलाला २० रुपयांचा स्टॅम्प लागतो. न्यायालयांसाठी उच्च न्यायालयाचे स्वतःचे नियम आहेत, त्यामुळे कारागृहाचा आणि न्यायालयाचा अर्ज एकत्र करू नका. नावं मागू नका. बंदी क्रमांक, कलम आणि तारखा एवढंच मागा. व्यक्तिगत माहितीचं कारण देऊन अर्ज फेटाळण्याची वाट त्यामुळे बंद होते, आणि तुम्हालाही नावांची गरज नसते.

इथे चुका होतात

सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रकरण आणि माणूस यांत घोळ. एकाच माणसावर तीन गुन्हे असतील तर ई-कोर्ट्सवर जामिनाच्या तीन नोंदी दिसतात. पहिल्या दोन्हीत जामीन मिळाला आणि तिसऱ्यात नाही, तर त्याची सुटका शून्य. हिशोब माणसाचा करा. बंदी क्रमांक हाच धागा धरा आणि सगळ्या गुन्ह्यांतला शेवटचा जामीन झाल्याच्या दिवसापासून सुटकेचे दिवस मोजा. अशा माणसांची टक्केवारी वेगळी द्या. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२४ च्या गिरीश गांधी प्रकरणात १३ गुन्ह्यांत प्रत्येकी वेगळे जामीनदार शोधणं माणसाला कसं अशक्य होतं हे ओळखून तेच जामीनदार अनेक गुन्ह्यांत चालतील असा मार्ग काढला. तुमच्या जिल्ह्यात त्या मार्गाचा वापर होतो का, हे याच ओळींतून कळेल.

दुसरी चूक: बदलीला सुटका समजणं. जिल्हा कारागृहातून बंद्याला हर्सूलच्या मध्यवर्ती कारागृहात हलवलं की जिल्ह्याच्या नोंदीत तो ‘गेला’ असतो. जामिनाचा आदेश मग जुन्या पत्त्यावर जातो आणि तिथून पुढे पाठवण्यात दिवस जातो. बाहेर जाण्याचं कारण ‘जामीन’, ‘निर्दोष’, ‘शिक्षा’, ‘बदली’, ‘प्रोडक्शन वॉरंट’ (दुसऱ्या न्यायालयात हजर करण्यासाठी नेणं) असं प्रत्येक ओळीत लिहिलेलं असायलाच हवं.

तिसरी, साधी पण त्रासदायक: नावांची लिपी. एकाच पोलीस ठाण्याची इंग्रजीत चार स्पेलिंगं सापडतात. औरंगाबाद-छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबाद-धाराशिव ही दोन्ही नावं नोंदींत मिसळलेली असतात. संगणक त्यांना दोन जिल्हे समजतो. मोजणीआधी एक कोड-यादी करा आणि सगळ्या ओळी तिच्याशी जुळवा.

एका दिवसाची गिनती फसवते

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालातले आकडे ३१ डिसेंबर या एका दिवसाचे असतात. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन होते, म्हणजे दर चारांतले तीन. चित्र म्हणून हा आकडा खरा आणि अस्वस्थ करणारा आहे. सुधारणेचं माप म्हणून मात्र तो कामाचा नाही. का, ते छोट्या गणिताने पाहा.

समजा महिनाभरात १०० माणसं आत येतात. त्यांतली ६० पाच दिवसांत सुटतात, ४० माणसं २०० दिवस राहतात. एकूण दिवस झाले ३०० अधिक ८,०००, म्हणजे सरासरी ८३. आता सुधारणा आली आणि ती ६० माणसं पाचऐवजी दोन दिवसांत सुटू लागली. एकूण दिवस १२० अधिक ८,०००, सरासरी ८१.२. कारागृहातली गिनती जेमतेम दोन टक्क्यांनी उतरते. पाहणारा म्हणेल, काही फरक पडला नाही. पण ६० घरांतला कमावता माणूस तीन दिवस आधी परतला. उलट ४० जणांचा मुक्काम १० टक्क्यांनी कमी झाला तर सरासरी ७५ वर येते आणि गिनती ठळकपणे घसरते.

आणखी एक विचित्र गोष्ट घडते. लवकर सुटणारे आणखी लवकर सुटले की आत उरलेल्यांत लांब मुदतीचेच जास्त दिसतात. मग ‘न्यायाधीन बंद्यांचा सरासरी मुक्काम वाढला’ अशी बातमी होते, आणि ती सुधारणा यशस्वी झाल्यामुळेच झालेली असते. म्हणून मोजणी गिनतीवरून करू नका. ठरावीक काळातल्या एका गटाचा दिवसागणिक पाठपुरावा करा.

मोजण्याची रीत

एका तिमाहीत जामीन मंजूर झालेल्या सगळ्यांचा एक गट करा. मग प्रत्येक टप्प्यावर किती जण अजून आत आहेत ते लिहा: पहिल्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या, पंधराव्या, तिसाव्या, नव्वदाव्या. सात आणि तीस हे टप्पे चुकवू नका, कारण २०२३ च्या निर्देशांतल्या मुदती त्याच आहेत. सात दिवस ओलांडलेल्यांपैकी किती जणांची सूचना सचिवांपर्यंत गेली, हा स्वतंत्र स्तंभ ठेवा.

माहिती बंद करण्याच्या दिवशी जे अजून आतच आहेत त्यांना गाळण्याचा मोह होतो, कारण त्यांची सुटकेची तारीख रिकामी असते. नेमके हेच लोक सगळ्यात जास्त अडकलेले असतात. त्यांना गाळलं तर निकाल गोड निघेल आणि खोटा असेल. हाताने करायचा सोपा नियम असा: तीस दिवसांचा आकडा काढताना जामीन मंजूर होऊन किमान तीस दिवस झालेल्यांनाच धरा, मग ते आत असोत की बाहेर. नव्वद दिवसांच्या आकड्याला किमान नव्वद दिवस झालेले.

सरासरीपेक्षा मधला आकडा सांगा, म्हणजे निम्मे लोक किती दिवसांत सुटले. एखादा माणूस दीड वर्ष अडकला तर सरासरी त्याच्यामागे फरफटत जाते. पण त्या माणसाला आकड्यात हरवू देऊ नका. ९० दिवसांपेक्षा जास्त अडकलेल्या प्रत्येकाची ओळ स्वतंत्र वाचा.

का अडकला: जामीनदाराच्या कागदांत

या भागाला वेळ द्या. उपाय इथेच सापडतात.

१५,००० रुपयांचा जामीन, एक जामीनदार. ऐकायला साधं आहे. प्रत्यक्षात जामीनदाराला सातबारा, आठ-अ उतारा, आधार, रेशनकार्ड, फोटो आणि अनेक ठिकाणी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला घेऊन यावं लागतं. त्याने आधी कुणाकुणाला जामीन राहिला आहे तेही जाहीर करायचं असतं. मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या सातबारावर पीककर्जाचा बोजा असणं ही रोजची गोष्ट, आणि बोजा असलेला उतारा अनेकदा चालत नाही. जमीन वडिलांच्या नावावर किंवा सामाईक असेल तर तोही उतारा परत येतो. भूमिहीन माणसाच्या नातेवाइकांत तर उतारा असलेला माणूसच नसतो. पारधी समाजातल्या माणसाला गावातला शेतकरी जामीन राहायला धजावत नाही, आणि त्याचे स्वतःचे नातेवाईक दुसऱ्या जिल्ह्यात असतात. मग न्यायालयाच्या आवाराबाहेर पैसे घेऊन जामीन राहणारा माणूस शोधला जातो. त्याला दिलेली रक्कम कुठल्याच नोंदीत येत नाही. ती घरच्यांना विचारूनच कळते, म्हणून विचाराच. तो खर्च हा या व्यवस्थेचा खरा दंड आहे आणि तो दोष सिद्ध होण्याआधीच वसूल होतो.

हा प्रश्न नवा नाही. १९७८ च्या मोतीराम प्रकरणात मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याकडे १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला गेला आणि जामीनदार म्हणून त्याच्या भावाला नाकारलं गेलं, कारण भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्टपणे चुकीचं ठरवलं. पुढे २०२३ च्या निर्देशांतही स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळे सुटका रखडते हे पुन्हा नोंदवावं लागलं. तुमच्या जिल्ह्यातल्या किती आदेशांत ‘स्थानिक’ हा शब्द येतो, ते मोजा. सुधारणेच्या आधी शंभरात किती आणि नंतर किती, एवढा एक आकडाही पुष्कळ सांगून जातो.

अडकण्याच्या कारणांना कोड द्या: जामीनदारच नाही, कागद नाकारले, रक्कम जास्त, आदेश पोहोचला नाही, नाव किंवा कलमात चूक, दुसरा गुन्हा, घरच्यांना जामीन झाल्याचं कळलंच नाही. शेवटचं कारण तुमच्या अपेक्षेपेक्षा जास्त वेळा निघालं तर दचकू नका. कोड दोघांनी स्वतंत्रपणे लावावेत. वीस ओळींत चारपेक्षा जास्त ठिकाणी मतभेद झाला तर कोडची व्याख्या पुन्हा लिहावी.

रक्कम हेच कारण असेल तर केंद्राच्या गरीब बंदी साहाय्य योजनेचा स्तंभ जोडा. २०२३ च्या मूळ मार्गदर्शक सूचनांप्रमाणे न्यायाधीन बंद्याला ४०,००० रुपयांपर्यंत मदत होऊ शकते आणि निर्णय जिल्ह्याची अधिकारप्राप्त समिती घेते. अर्ज किती, मंजूर किती, मंजुरीपासून पैसे भरेपर्यंत किती दिवस, हे तिन्ही घ्या. जामीनपात्र गुन्ह्यात तर अटकेपासून आठवड्यात जामीन देता आला नाही तर तो माणूस निर्धन समजून बंधपत्रावर सोडायचा असतो. अशी एकही ओळ सापडली तर ती लाल करा.

शेजारच्या जिल्ह्याशी तुलना

आधी-नंतरचा फरक खरंच तुमच्या सुधारणेचा आहे की सगळीकडेच झाला, हे शेजारी सांगतो. दोन्ही जिल्हे उच्च न्यायालयाच्या एकाच खंडपीठाखाली असावेत. मराठवाड्याचे आठही जिल्हे औरंगाबाद खंडपीठाच्या कक्षेत येतात, ही सोय आहे. स्थलांतराचं प्रमाण आणि तुरुंगाचा आकार जमेल तितका सारखा निवडा.

समजण्यासाठी घेतलेले आकडे: सुधारणा झालेल्या जिल्ह्यात जामीन मिळूनही सात दिवसांनंतर आत असलेले आधी ४० टक्के होते, नंतर २२. शेजारी आधी ३८, नंतर ३०. तुमची घट १८ अंकांची, पण शेजारी काही न करताच ८ अंकांनी उतरला. म्हणजे सुधारणेच्या वाट्याला १०.

आता या १० वर किती भरवसा? चारही गटांत १५० माणसं असतील तर या फरकाची चूक-मर्यादा सुमारे १५ अंक येते. म्हणजे परिणाम शून्यही असू शकतो. प्रत्येक गटात ३५० ते ४०० माणसं लागतात तेव्हा कुठे १० अंकांचा फरक ठामपणे सांगता येतो. गणित असं: प्रत्येक गटासाठी प्रमाण गुणिले (१ वजा प्रमाण) भागिले संख्या, चारांची बेरीज, तिचं वर्गमूळ, गुणिले १.९६. लहान कारागृहात एवढी माणसं एका वर्षात मिळत नाहीत. अशा वेळी दोन-तीन शेजारी जिल्हे मिळून अभ्यास करा, किंवा ‘दिशा चांगली दिसते, ठाम सांगता येत नाही’ असं स्पष्ट लिहा.

गुन्ह्यांची मिसळही पाहा. पोलिसांनी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची (चौकशीला हजर राहण्याची) नोटीस देऊन अटक टाळायला सुरुवात केली असेल तर किरकोळ गुन्ह्यांतले लोक कारागृहात येतच नाहीत. आत येणारे सरासरीने जास्त गंभीर गुन्ह्यांतले होतात, आणि जामिनाचे दिवस वाढलेले दिसतात. तीन वर्षांपर्यंत शिक्षा, सात वर्षांपर्यंत, आणि त्यावर, असे तीन थर करून प्रत्येक थराची तुलना वेगळी करा. अमली पदार्थ, मकोका (संघटित गुन्हेगारी), यूएपीए (बेकायदा कारवाया) या कायद्यांचे जामिनाचे निकष वेगळे असल्याने ते निराळ्या तक्त्यात ठेवा. ॲट्रॉसिटीच्या प्रकरणांत फिर्यादीला सूचना देऊन त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. तो वेळ पीडिताच्या हक्काचा आहे, त्याला दिरंगाईत मोजू नका.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराचा अनुभव इथे उपयोगी आहे. तिथे २०१८ मध्ये सरकारी पक्षाने अनेक किरकोळ गुन्ह्यांत रोख जामीन मागणं सोडलं. रोख जामिनाचं प्रमाण झपाट्याने कमी झालं, पण कोठडीत राहणाऱ्यांच्या प्रमाणात फरक पडला नाही. ज्यांना सूट मिळाली ते बहुतांशी असेही सुटणारेच होते. आदेशाची भाषा बदलली म्हणजे माणूस सुटलाच असं नाही, हे तपासायला म्हणूनच सहावी तारीख लागते.

सुटलेले तारखेला आले का

हा प्रश्न न्यायाधीश विचारणारच, आणि तो रास्त आहे. न्यायालयाच्या रोजनाम्यातून सुटकेनंतरच्या पहिल्या चार तारखा पाहा: हजर, गैरहजर, गैरहजेरीचा अर्ज, अजामीनपात्र वॉरंट. वॉरंट निघालं म्हणजे माणूस फरार झाला असं समजू नका. फडावर असलेला ऊसतोड कामगार एक तारीख चुकवतो आणि पुढच्या महिन्यात वॉरंट रद्द करून घेतो. वॉरंटनंतर ६० दिवसांत हजर झालेले आणि न झालेले असे दोन गट करा. जातमुचलक्यावर सुटलेल्यांची हजेरी जामीनदारावर सुटलेल्यांशी ताडून पाहताना गुन्ह्याचा थर सारखा ठेवा. नव्या गुन्ह्याची नोंद घेताना अटक नको, दोषारोपपत्र धरा. संशयावरून पुन्हा पुन्हा उचलल्या जाणाऱ्या समाजांवर अटकेच्या आकड्याने अन्याय होतो.

कलम ४७९ ची वही

लांब मुदतीच्या बंद्यांसाठी वेगळी वही ठेवा. फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असू शकणारे गुन्हे सोडून, आधी कधीही दोषी न ठरलेल्याला कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश आणि इतरांना निम्म्या मुदतीनंतर सोडण्याची तरतूद आहे. आरोपीमुळे झालेला उशीर यातून वजा होतो. साध्या चोरीला कमाल शिक्षा तीन वर्षं, म्हणजे एक वर्ष किंवा दीड वर्ष. घरातल्या चोरीला सात वर्षं, म्हणजे दोन वर्षं चार महिने किंवा साडेतीन वर्षं. १० मार्च २०२४ रोजी साध्या चोरीत अटक झालेला, आधी कधीही शिक्षा न झालेला माणूस १० मार्च २०२५ ला पात्र होतो. प्रत्येकाची पात्रता-तारीख आत आल्याच दिवशी लिहून ठेवता येते. मुदत भरताच न्यायालयाला लेखी अर्ज करणं हे अधीक्षकांचं काम आहे. पात्रता-तारीख, अधीक्षकांचा अर्ज, आदेश आणि सुटका यांमधले दिवस मोजले की नेमकी दिरंगाई कुठे झाली ते उघडं पडतं. एकापेक्षा जास्त गुन्हे प्रलंबित असलेल्यांना या तरतुदीतून वगळलं आहे. त्यांची संख्या वेगळी द्या, कारण मुदत भरूनही आत राहणारे मोठ्या प्रमाणात तेच असतात.

यादी हाती आल्यावर

माहिती भरताना तुम्हाला अशी ओळ सापडेलच: जामीन होऊन चाळीस दिवस झाले, माणूस आत, सचिवांना सूचना नाही. अभ्यास पूर्ण व्हायची वाट पाहू नका. बंदी क्रमांक, न्यायालय, आदेशाची तारीख आणि अडकण्याचं कारण एवढं एका पानावर लिहून त्याच दिवशी प्राधिकरणाच्या सचिवांकडे द्या आणि पोच घ्या. पंधरवड्याने पुन्हा विचारा. तक्त्यात त्या ओळीसमोर ‘आमच्या सूचनेनंतर’ असा शेरा आणि सूचनेची तारीख लिहा. मोजणीत त्या माणसाला सूचनेच्या दिवसापर्यंत ‘आत’ धरा आणि तिथे त्याची ओळ थांबवा, म्हणजे तुमच्या धावपळीने झालेली सुटका सुधारणेच्या खात्यात जमा होणार नाही.